गडाचा केर आणि विद्यापीठ

गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगडाची पद्मावती माची गाठणारा एखादा तरुण उद्या विद्यापीठात पर्यटनव्यवस्थापन शिकू लागला, तर आम्हांस आनंदच होईल. परंतु ही विद्या सर्वस्वी परदेशातून आली, हे म्हणणे अर्धसत्य होय. अमेरिकेत यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले खरे. पण त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची व्यवस्था सांगितलेली आहे. आधी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, झाडे राखावीत, केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि त्या राखेवर परसात भाजीपाला करावा! तेथे विचार शिबंदीचा होता, सहलीचा नव्हे. तरी प्रश्न तोच. थोड्या जागेत पुष्कळ माणसे आली, तर पाणी, वाट आणि झाड टिकावे कसे? ११ जुलै २०२५ रोजी राजगड अकरा दुर्गांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता पाहुणे वाढणार. तेव्हा विद्यापीठांनी आज्ञापत्र अभ्यासास लावावे आणि गुंजवणेकरांस केवळ वाटाडे न समजता शिक्षक समजावे. पायथाच उपाशी राहिला, तर माथा राखणार कोण?