भिवंडी : मागावरची माणसं

ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७,०९,६६५ होती. निम्म्याहून जास्त मुस्लिम. पण सगळ्यांना एकाच मापात मोजणं आम्हाला पटत नाही. कोकणी मुस्लिम इथले जुने रहिवासी, मोमीन-अन्सारी विणकर उत्तर प्रदेशातून आलेले. पद्मानगरात तेलुगू पद्मशाली, आजूबाजूच्या गावांत आगरी. आज माग चालवणारे बहुतेक यूपी-बिहारचे, घरदार गावी ठेवून आलेले. मजुरी विणलेल्या कापडावर. वीज गेली की तीही गेली. १२ तासांची पाळी, जेवण भिशीत, झोप एकाच खोलीत आळीपाळीनं. छोटा मालकही व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवरच विणतो. यातल्या अनेकांचं रेशनकार्ड आणि मत अजून मुलुखातच आहे, त्यामुळे वॉर्डाच्या मतदारयादीत ते सापडत नाहीत.