अनवाणी धावपटूंचं मैदान

राष्ट्रीय मैदानी स्पर्धांचा उगम शोधताना पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यावर थांबावंच लागतं. 1919 मध्ये तिथल्या क्रीडास्पर्धेला सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी, प्रशिक्षणाचा गंध नसलेले. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या! दोराबजींनी हे पाहिलं आणि विषय सोडून दिला नाही, हे त्यांचं मोठेपण.

पुढच्याच वर्षी, 1920 मध्ये, सहा जणांचा भारतीय संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. पदक नव्हतं, पण ज्या देशात निवडीची रीतसर व्यवस्थाच नव्हती, त्याच्या धावपटूसाठी ही कामगिरी थोर म्हणायला हवी. आपल्याकडे तिची आठवण फार कमी निघते.

पॅरिस ऑलिंपिकच्या निवडीसाठी मग 1924 च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा भरली. प्रांतोप्रांतीचे खेळाडू एका मैदानावर उतरले. त्यातून निवडले गेलेले दलीपसिंग पॅरिसला लांब उडीत उतरले.

याच दिल्लीच्या स्पर्धेतून पुढे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आकाराला आल्या. ॲथलेटिक्सचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ मात्र 1946 मध्ये स्थापन झाला.