वाघ राहतो कुठे? : नागपुरातल्या एका धड्याचा इतिहास

बालवाडीत आणि पहिलीत ‘जोड्या लावा’ हमखास असतं. डावीकडे गाय, घोडा, उंदीर, पोपट, वाघ. उजवीकडे गोठा, तबेला, बीळ, ढोली, गुहा. मूल रेघा ओढतं, बाई बरोबरची खूण करतात आणि प्राण्यांच्या निवाऱ्याचा धडा संपतो.

नागपूरच्या आसपास मात्र हा धडा तिथे संपवणं परवडत नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं शहरापासून फार लांब नाहीत, आणि इथला वाघ काही गुहेत संसार थाटत नाही. पिल्लं लहान असताना वाघीण कपारीचा किंवा दाट झुडपाचा आडोसा घेते, तेवढंच. एरवी वाघाला लागतं ते कित्येक चौरस किलोमीटरचं रान, त्यात पाणी, सावली आणि चितळ-सांबर. पोपटाची ढोलीसुद्धा विणीपुरती असते. बाकीचे दिवस तो थव्यासोबत झाडावर रात्र काढतो. घर आणि अधिवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत कशी झाली, हे नागपूरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात छान दिसतं.

अधिवासाला इंग्रजीत ‘हॅबिटॅट’ म्हणतात. हा शब्द मुळात नाम नव्हताच. ते लॅटिन क्रियापदाचं रूप आहे, अर्थ ‘राहतो’. लिनियससारखे निसर्गशास्त्रज्ञ एखाद्या जातीचं वर्णन करताना ‘राहतो अमुक ठिकाणी’ असं वाक्य लिहीत. पुढे त्या वाक्याचा पहिला शब्दच नाम होऊन बसला.

हे ‘राहणं’ नागपुरात फार लवकर वाचलं गेलं. ज्यांच्या नावाचं कॉलेज इथे आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आणि शाळा काढण्यासाठी आले होते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते शहराबाहेरच्या टाकळीच्या परिसरात खडक धुंडाळत. लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. गोड्या पाण्यातली गोगलगाय इथे राहत होती, म्हणजे कधीकाळी इथे तळं होतं. प्राण्यावरून जागा ओळखायची, असा तो धडा होता.

१८६३ मध्ये हिस्लॉप वारले. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘अजब बंगला’. कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी पहिला वाघ इथेच, पेंढा भरलेला, पाहिला. काचेमागच्या प्राण्याला नाव मिळतं, पण रान मिळत नाही. जगभर तेव्हा बहुधा हीच रीत होती. अमेरिकेत मिलवॉकीच्या संग्रहालयात कार्ल एकली यांनी १८९० मध्ये मस्करॅट हा पाणथळीतला प्राणी पाण्यासकट, गवतासकट, घरट्यासकट मांडला, तेव्हा ती नवलाई ठरली.

नागपुरात जिवंत प्राणी आले ते भोसल्यांच्या महाराजबागेत. तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४ चं. त्याच वर्षी किपलिंगचं ‘जंगल बुक’ प्रसिद्ध झालं. त्याचं रान सिवनीचं, म्हणजे नागपूरहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावरचं. किपलिंग स्वतः त्या रानात गेला नव्हता. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या पुस्तकांवर त्याची भिस्त होती. तरीही १८९५ च्या दुसऱ्या भागात दुष्काळ पडतो आणि शिकारी व शिकार एकाच पाण्यावर येतात, हे त्याने दाखवलं. महाराजबागेतल्या पिंजऱ्यात मात्र पाणी हौदात आणि मांस वेळेवर. त्यामुळे मुलाला वाघ दिसला, पण त्याला काय काय लागतं ते दिसलं नाही. २६ जानेवारी २०२१ ला खुल्या झालेल्या गोरेवाड्यात मुलं बसमध्ये असतात आणि प्राणी मोकळे. फरक मोठा आहे. तरी तिथेही कुंपण आहेच.

लहान मुलांना हे सगळं झेपेल का, अशी शंका येते. त्याचं उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी दिलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला ‘कुरणशाळा’ चालवली. मुलं गुरं चारायला जात म्हणून शाळाच कुरणावर गेली. महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, खडे, शंख वापरले. गुराख्याच्या पोराला गाय गोठ्यात ‘राहते’ हे शिकवावं लागत नाही. ती कुठे चरते, कुठे पाणी पिते, उन्हात कोणत्या झाडाखाली बसते, हे त्याला ठाऊकच असतं.

आज या धड्याची गरज कुठे आहे, ते नागपूर-सिवनी महामार्गावर दिसतं. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या या रस्त्याखाली महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले आहेत. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले, वाघ ८९ वेळा. वाघ गुहेत राहत असता तर या खर्चाची गरजच नव्हती. नागझिऱ्यातला ‘जय’ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला, तो वाटेतली शेतं आणि रस्ते पार करूनच. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला.

जंगलाकाठच्या गावांतली मुलं याच वाटांवरून शेतावर जातात. ‘वाघाचं घर गुहा’ असं शिकलेल्या मुलाला शेताच्या बांधावर आलेला वाघ घर सोडून घुसलेला चोर वाटतो, आणि मोठेपणीही तसाच वाटत राहतो. नाल्याकाठचं गवत, तुरीचं उभं पीक आणि त्यामागचं रान वाघासाठी सलग असतं, हे ज्याला कळलं तो पहाटे एकटा, वाकून त्या गवतात शिरणार नाही. हे ज्ञान त्याच्या जिवाशी निगडित आहे.

त्यासाठी नवं पाठ्यपुस्तक लागत नाही. ‘जोड्या लावा’ झाल्यावर बाईंनी एक प्रश्न वाढवला तरी पुरे: वाघाला राहायला काय काय लागतं? पाच वर्षांचं मूल पाणी म्हणेल, हरीण म्हणेल. मग हरणाला काय लागतं, हे विचारायचं. गवतापर्यंत पोचायला वर्गाला फार वेळ लागणार नाही.