कर्झन रोडवरचा ब्रेख्त, पुण्याचा तमाशा

दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, जर्मनीचे मॅक्स म्युलर भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन अशा तीन वास्तू आहेत; जर्मन, इंग्रजी व मराठी या तीन भाषांना एका नाटकाने मात्र त्याआधीच जोडले होते. जॉन गे यांच्या १७२८ मधील ‘बेगर्स ऑपेरा’वरून जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी १९२८ मध्ये बर्लिनसाठी ‘थ्री पेनी ऑपेरा’ घडवला आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. अनुवादात मूळ संहितेचा शब्द राखला जातो, तर रूपांतरात पात्रे, प्रदेश आणि प्रसंगी नाट्यप्रकारही बदलतो, आणि येथे तो मुळापासून बदलला: प्रेक्षकाला कथेत गुंतू न देता विचार करायला लावणारी ब्रेख्तची अलिप्तता तमाशाच्या सूत्रधारात व गाण्यांत आधीपासूनच होती. मूळ नाटकातील गुंड ‘मॅकहीथ’चा ‘अंकुश’ झाला आणि ती भूमिका पॉप गायक नंदू भेंडे यांनी केली. पाश्चात्त्य ठेक्यावर गाणारा हा गुंड मराठी नाट्यसंगीताच्या शेजारी उभा राहिला, हेच या रूपांतराचे खरे धाडस होय. त्याआधी नाटककार गो. ब. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला होता. पण तेथे वेश मराठी झाला, घाट शेक्सपिअरचाच राहिला. ‘तमाशा’त घाटच मराठी झाला. या प्रयोगाचे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले आणि निर्मिती पुण्याच्या थिएटर अकादमीची होती.