हिलाझोन म्हणजे कोणता शंख?

नातवाच्या बार मिट्स्वासाठी इस्राएलहून सिसिथचे पाकीट आमच्या ईडन प्रेरीच्या घरी आले. मिनेसोटा राज्यातले हे गाव. १८५२ साली एलिझाबेथ एलेट या लेखिकेने इथले माळरान पाहून त्याला एदेन बागेचे नाव दिले. समुद्र मात्र इथून फार दूर. पाकिटातल्या पांढऱ्या दोऱ्यांत एक निळा होता. नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या सिसिथला निळा दोरा कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. गणनाच्या १५ व्या अध्यायातली निळ्या दोऱ्याची आज्ञा आपण शेमाबरोबर रोज म्हणतो. तो निळा रंग, म्हणजे तखेलेत, 'हिलाझोन' नावाच्या समुद्रप्राण्यापासूनच काढावा असे तालमूद सांगते. साधारण सातव्या शतकानंतर हा धंदा बुडाला, प्राण्याची ओळखही गेली, आणि जगभरचे यहुदी पांढऱ्या सिसिथवर भागवू लागले. अंग समुद्रासारखे, घडण माशासारखी, सत्तर वर्षांतून एकदा वर येतो: एवढ्या खुणांवरून प्राणी ओळखणे आपल्या अलिबागच्या कोळणीलाही जमले नसते.

१८८० च्या दशकात रादझिनचे रब्बी गेर्शोन हेनोख लाइनर यांनी माकूळ हाच हिलाझोन ठरवला. त्यांच्या अनुयायांनी तो निळा दोरा बांधलाही. पुढे इस्राएलचे मुख्य रब्बी झालेले आयझॅक हर्झोग यांनी लंडन विद्यापीठासाठी १९१३ साली लिहिलेल्या प्रबंधात याची छाननी केली. तो रंग लोखंड घालून केलेला साधा रासायनिक निळा निघाला. माकूळच्या शाईचे त्यात काहीच नव्हते.

त्याआधी, १८५८ साली, मिनोर्का बेटावर एक कोळी शंखातल्या प्राण्याच्या रसाने आपल्या सदऱ्यावर खुणा करताना फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्यूतिए यांनी पाहिला होता. पिवळट रस उन्हात जांभळा झाला. भूमध्य समुद्रातले असे तीन शंख त्यांनी सांगितले. त्यांतल्या दोघांना लिनिअसने १७५८ साली म्युरेक्स या एकाच प्रजातीत बसवले होते. पुढच्या शास्त्रज्ञांनी ती मोडली, आणि आज ते हेक्झाप्लेक्स ट्रंक्युलस व बोलिनस ब्रँडॅरिस म्हणून ओळखले जातात. तिसरा स्ट्रॅमोनिटा हीमॅस्टोमा. कुळ मात्र तिघांचे एकच, म्युरिसिडी. माकूळही मऊ अंगाचाच, पण त्याचा वर्ग निराळा. रस किती थोडा! १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनतज्ज्ञाने १२,००० ब्रँडॅरिस फोडले, तेव्हा १.४ ग्रॅम रंग मिळाला. तखेलेत महाग का, ते यावरून कळावे.

हर्झोग ट्रंक्युलसपाशी येऊन अडले, कारण रंग जांभळा येई. मग ते बुडबुड्यांच्या तराफ्यावर तरंगणाऱ्या जँथिना या शंखाकडे वळले. तेही समाधानकारक ठरले नाही. कोडे सुटले ते १९८० च्या दशकात, रामत गानच्या शेंकर महाविद्यालयात. ऑटो एल्स्नर यांना दिसले की ढगाळ दिवशी ट्रंक्युलसचा रंग जांभळा येतो, लख्ख उन्हात निळा. विरघळलेल्या रंगातले ब्रोमीन ऊन काढून टाकते आणि राहते ती नीळ. आपल्या नीळीच्या झाडात मिळते तीच.

खरी मेख इथेच आहे. झाडाच्या नीळीने रंगवलेल्या खोट्या तखेलेतविरुद्ध तालमूदने आधीच बजावले आहे. डोळ्याला दोन्ही दोरे सारखेच. तेव्हा सारा भार शंख कोणता यावर येतो, आणि ट्रंक्युलसबद्दल सगळे रब्बी अजून एकमत नाहीत.

नातवाला हे सगळे सांगितले. त्याने निळा दोरा बांधला. माझे सिसिथ अजून पांढरेच आहेत.