पॉइंट टू टू रायफल

पॉइंट टू टू रायफल (.२२ रायफल) ही ०.२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाच्या नळीची, रिमफायर जातीचे काडतूस वापरणारी लहान रायफल होय. कमी धक्का, कमी आवाज आणि स्वस्त काडतूस यांमुळे नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण, हौशी लक्ष्यवेध आणि स्पर्धा या तिन्हींसाठी ती जगभर वापरली जाते. हौशी नेमबाजाला परवडणारी रायफल निवडताना तिच्या किमतीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व काडतुसांचा चालू खर्च, नळीला मानवणारे काडतूस आणि शरीराला जुळणारा दस्ता यांना असते.

इतिहास

.२२ शॉर्ट हे काडतूस १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरबरोबर बाजारात आले. आज सर्वाधिक प्रचलित असलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस जे. स्टीव्हन्स आर्म्स अँड टूल या अमेरिकी कंपनीने १८८७ मध्ये तयार केले. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने काढलेली १९०० सालची एकबारी रायफल ही आरंभीच्या स्वस्त .२२ रायफलींपैकी एक होय.

ब्रिटनमध्ये या रायफलीच्या प्रसाराला दुसऱ्या बोअर युद्धाची (१८९९–१९०२) पार्श्वभूमी होती. सामान्य नागरिकांना नेमबाजी यावी, असा आग्रह लॉर्ड रॉबर्ट्स यांनी धरला. लष्करी रायफलीची काडतुसे महाग होती व तिच्या सरावाला लांबलचक मैदान लागे; .२२ रायफलीचा सराव मात्र २५ यार्डांच्या बंदिस्त जागेतही होऊ शके. १९०१ मध्ये श्रमिकांच्या रायफल क्लबांची संस्था स्थापन झाली. पुढे तिचेच रूपांतर नॅशनल स्मॉलबोअर रायफल असोसिएशनमध्ये झाले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लहान नळीच्या रायफलीच्या स्पर्धा घेण्यात आल्या.

काडतूस

रिमफायर काडतुसात पेट घेणारे रसायन पितळी कवचाच्या बुडाशी असलेल्या कडेत भरलेले असते. रायफलीची पिन या कडेवर आदळली की रसायन पेटते, त्याने दारू पेटते व गोळी नळीतून बाहेर पडते. कड चेपली जावी म्हणून कवच पातळ ठेवावे लागते. त्यामुळे वापरलेले कवच पुन्हा भरून वापरता येत नाही.

.२२ लाँग रायफल काडतुसातील नेहमीची शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. प्रमाणवेगाच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला सुमारे ३२० ते ३४० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी असतो. .२२ मॅग्नम (१९५९) व .१७ एचएमआर (२००२) ही रिमफायर काडतुसे अधिक वेगवान असली, तरी महाग आहेत. ती .२२ लाँग रायफलीत वापरता येत नाहीत. म्हणून नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचूनच काडतुसे घ्यावी लागतात.

रचनेनुसार प्रकार

एकबारी रायफलीत प्रत्येक वेळी एकच काडतूस हाताने भरतात. वेग कमी असला तरी प्रत्येक गोळीकडे लक्ष राहत असल्याने नवशिक्यासाठी ती उपयुक्त मानली जाते.

बोल्ट रायफलीत बोल्ट मागेपुढे सरकवून रिकामे कवच बाहेर काढतात व मॅगझिनमधील पुढचे काडतूस आत घेतात. हलणारे भाग थोडे असल्याने ती दीर्घकाळ टिकते व कमी किमतीतही चांगली अचूकता देते. अमेरिकी सॅव्हेज मार्क २ आणि झेक बनावटीची सीझेड ४५७ या प्रकारात मोडतात.

अर्धस्वयंचलित रायफल प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरते. १९६० मध्ये आलेली मार्लिन मॉडेल ६० व १९६४ मध्ये आलेली रुगर १०/२२ ही या प्रकारातील सर्वांत खपलेली प्रारूपे होत. मार्लिनमध्ये नळीच्या खाली बसवलेले लांब नळकांडे, तर रुगरमध्ये दहा काडतुसांचे फिरते मॅगझिन असते. अशा रायफलींना काडतुसांच्या दर्जातील फरक अधिक जाणवतो. शिवाय झटपट गोळ्या सुटल्याने काडतुसांचा खर्च वाढतो.

लिव्हर व पंप रचनेच्या रायफलीही मिळतात. त्यांची किंमत साधारणपणे साध्या बोल्ट रायफलीपेक्षा अधिक असते.

निवडीचे निकष

एकूण खर्च : अमेरिकेत २०२० च्या दशकात साध्या .२२ रायफली सुमारे २०० ते ४०० डॉलरांत मिळतात, तर अन्शुट्झसारख्या जर्मन कंपनीच्या स्पर्धायोग्य रायफलीला काही हजार डॉलर पडतात. एका काडतुसाची किंमत ८ सेंट धरली, तर दर आठवड्याला १०० गोळ्या झाडणाऱ्याला वर्षाला ५,२०० काडतुसांसाठी ४१६ डॉलर खर्च येतो. म्हणजे स्वस्त रायफलीची किंमत काडतुसे वर्षभरातच गाठतात. २०१३ मध्ये अमेरिकेत या काडतुसांची मोठी टंचाई होऊन भाव चढले, तेव्हा रायफल हाताशी असूनही अनेकांना सराव आवरता घ्यावा लागला.

नळी व काडतूस यांचा मेळ : एकाच प्रारूपाच्या दोन रायफलींना वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे मानवू शकतात. यासाठी चार-पाच प्रकारच्या काडतुसांच्या थोड्या थोड्या गोळ्या टेकू लावून ५० मीटरवर झाडतात व कागदावरील छिद्रांचा पुंजका सर्वांत लहान कोणत्या काडतुसाचा पडतो, ते पाहतात. योग्य काडतूस सापडल्यास साधी बोल्ट रायफलही हौशी सरावाला पुरेशी अचूक ठरते.

दस्ता व वजन : दस्ता खांद्याला टेकवून गाल त्यावर ठेवला असता डोळा आपोआप नेमाच्या रेषेत यावा. फार लांब दस्ता लहान चणीच्या व्यक्तीला किंवा मुलांना अवघड जातो. जड रायफल हातात स्थिर राहते, पण उभ्याने सराव करताना लवकर थकवते.

चाप : चाप सरळ, न अडखळता व माफक दाबाने सुटणारा असावा. जड व खरखरीत चापामुळे रायफल ऐन वेळी हलते.

नेमदर्शक : उघडे नेमदर्शक स्वस्त असतात, छिद्राचा मागील नेमदर्शक कागदी लक्ष्यासाठी अधिक अचूक ठरतो. दुर्बीण घेतल्यास ती रिमफायरसाठी बनवलेली, म्हणजे सुमारे ५० यार्डांवर जुळवलेली असावी. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर जुळवलेल्या असतात. दुर्बिणीचा व तिच्या पट्ट्यांचा खर्च आरंभीच धरावा लागतो.

जुनी रायफल : वापरलेली बोल्ट रायफल हा सर्वांत काटकसरीचा पर्याय असतो. तिच्या नळीचे तोंड ठेचलेले नाही ना, नळीत गंज व काडतुसाच्या घरात पिनेचे वण नाहीत ना आणि मॅगझिन अद्याप बाजारात मिळते का, हे तपासतात. काही रिमफायर रायफलींत रिकामा चाप ओढल्यास पिन घराच्या कडेवर आदळून असे वण पडतात.

सुरक्षितता

लहान आकारामुळे ही रायफल निरुपद्रवी आहे, असा समज होतो. तो चुकीचा व धोकादायक आहे. तिची गोळी दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते, असा इशारा काडतुसांच्या पेट्यांवर छापलेला असतो. ती दगड, पाणी किंवा टणक पृष्ठभागावरून उसळते. त्यामुळे लक्ष्यामागे मातीचा पुरेसा उंच बांध किंवा गोळी अडवणारी भिंत आवश्यक असते. काडतूस न पेटल्यास नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान अर्धा मिनिट थांबतात व मगच बोल्ट उघडतात, कारण दारू उशिराने पेटू शकते. शिशाचे कण पोटात जाऊ नयेत म्हणून सरावानंतर हात धुणे आवश्यक आहे.

भारतातील स्थिती

भारतात .२२ रायफल हे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली येणारे अग्निशस्त्र आहे व ते बाळगण्यास परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मात्र केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबाचा सदस्य लक्ष्यवेधाच्या सरावासाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल वापरत असल्यास ही संख्येची मर्यादा त्याला लागू होत नाही. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात .२२ रायफल तयार होते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या अनेक छात्रांना रायफलीची पहिली ओळख याच जातीच्या रायफलीवर होते. खर्च व परवाना यांचा विचार करता बहुतेक नवशिके एअर रायफलीने किंवा क्लबच्या रायफलीने आरंभ करतात.

५० मीटर रायफल स्पर्धांत हेच काडतूस वापरले जाते. तेथील लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले.