एकच अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळे का दरवळते?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते. अलिबाग तालुक्यातल्या किहीमसारख्या किनाऱ्यावरच्या गावातही हळदीकुंकवाला एकाच कुपीतले अत्तर आलेल्या प्रत्येकीच्या हाताला लागते. काही वेळाने मात्र एकीच्या हाताला ते छान दरवळत असते, दुसरीच्या हातावर जेमतेम उरते आणि तिसरीला ते उग्र वाटू लागते. अत्तर तेच, मग फरक कुठून येतो? थोडा लावणाऱ्याच्या त्वचेतून आणि थोडा वास घेणाऱ्याच्या नाकातून.

सुगंध उलगडतो कसा?

अत्तर किंवा परफ्यूम म्हणजे अनेक सुगंधी रेणूंचे मिश्रण. त्यातले हलके रेणू आधी उडतात. म्हणून लिंबू-संत्र्यासारखा ताजा वास लवकर ओसरतो, मग गुलाब-मोगऱ्यासारखे फुलांचे वास पुढे येतात आणि चंदन, ऊद, कस्तुरी यांचे जड वास शेवटपर्यंत रेंगाळतात. हा क्रम किती वेगाने पुढे सरकतो, हे ज्याच्या-त्याच्या त्वचेवर ठरते.

त्वचेमुळे काय बदलते?

तेलकट त्वचेवरील स्निग्ध थरात सुगंधी रेणू विरघळून राहतात आणि हळूहळू बाहेर पडतात. कोरड्या त्वचेवरून ते लवकर उडून जातात. त्वचा जितकी उबदार, तितके बाष्पीभवन जलद. शिवाय प्रत्येकाच्या अंगाला स्वतःचा वास असतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातील घटकांचे विघटन करतात, तेव्हा तो येतो. हे जिवाणू प्रत्येकाच्या अंगावर सारख्या प्रमाणात नसतात. अत्तराचा वास या मूळ वासात मिसळूनच नाकापर्यंत पोहोचतो.

हवेचाही यात वाटा आहे. किहीमच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि उन्हाने त्वचा तापलेली असते. त्यामुळे मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात सौम्य वाटणारे परफ्यूम त्याच व्यक्तीच्या अंगावर इथे उग्र वाटू शकते.

नाकाचा फरक किती?

माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. या ग्राहींच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये मांडला. त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. ही जनुके सर्वांची तंतोतंत सारखी नसतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, अँड्रोस्टेनोन या रसायनाचा वास कुणाला कसा येतो, हे बऱ्याच अंशी एका ग्राहीच्या जनुकावर अवलंबून असते. कुणाला तो लघवीसारखा येतो, कुणाला गोडसर, तर कुणाला येतच नाही. काहींना कृत्रिम कस्तुरीचे ठरावीक प्रकार जाणवत नाहीत. म्हणजे एकाच मनगटाचा वास घेणाऱ्या दोघींचेही मत वेगळे पडू शकते आणि दोघीही खऱ्या असतात.

खरेदी करताना काय करावे?

महागडी बाटली दुसऱ्याच्या अंगावरचा वास आवडला म्हणून घेऊ नये. दुकानातल्या कागदी पट्टीवर पहिली निवड करता येते, पण निर्णय स्वतःच्या मनगटावर लावून, तीन-चार तास थांबून घ्यावा. दोन्ही हात मिळून दोनच नमुने लावावेत. जास्त लावले की वास एकमेकांत मिसळतात. कोरड्या त्वचेवर आधी बिनवासाचे क्रीम लावले तर सुगंध जास्त टिकतो. खाज किंवा लाली आली तर ते वापरू नये.

स्वतःला वास येईनासा झाला म्हणून लगेच पुन्हा फवारू नये. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते. शेजारी बसलेल्याला तो स्पष्ट येत असतो. आपल्या अंगावर एखादे अत्तर खुलले नाही तर त्यात त्वचेचा दोष नसतो. ते मिश्रण आपल्यासाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ.